आठव्या मजल्यावरचे उंदीरवाले

आठव्या मजल्यावर राहणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी इमारत उंदीरवाले म्हणायची आणि त्यांना ते मुळीच आवडायचं नाही. उंदीर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गटार नाहीतर कुरतडलेली पोती येतात. यांचे उंदीर तसले नव्हते. ते कुरणातले, तपकिरी, आखूड शेपटीचे, ओंजळीत मावणारे. आणि एकदा नर-मादीची जोडी जमली की दुसऱ्या कुणाकडे ढुंकूनही न बघणारे. बावीस वर्षं उंदीरवाले एका प्रयोगशाळेत त्यांची देखभाल करत होते. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या गळत नाहीत ना ते बघणं, कोणाची जोडी कोणाशी लावली ते पिंजऱ्यावरच्या कार्डावर लिहिणं, आणि प्रयोगाच्या वेळी हातात स्टॉपवॉच घेऊन काचेपलीकडे बसणं. माणसांत असा एकनिष्ठपणा उरला नाही, असं ते रोज घरी आल्यावर पायमोजे काढता काढता म्हणायचे. बायको शिवणाच्या मशीनवर असायची. ती "हो का" म्हणायची आणि मशीन पुढे चालू करायची.

आता हे आधीच सांगून टाकलेलं बरं, की उंदीरवाले भयंकर मत्सरी होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मुलीचं लग्न होऊन जावई आला, तरी त्यात तसूभर फरक पडला नव्हता. दातांच्या डॉक्टरचा हात किती हलका आहे, असं बायको एकदा सहज बोलून गेली. पुढच्या वेळी ते तिला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेले, आणि त्याचा हात इतका जड निघाला की चार दिवस तिला घास चावता आला नाही. रेडिओवर बातम्या देणाऱ्या एका माणसाचा आवाज तिला आवडायचा. त्या रेडिओचे सेल त्यानंतर दर आठवड्याला संपू लागले. बायकोला हे सगळं कळत होतं. ती घरबसल्या कपडे दुरुस्त करून द्यायची, कोटाचं अस्तर, पँटची चेन, पडद्याची दुमड. उसवलेलं कुठे आहे ते शोधणं हा तिचा धंदाच होता. नवरा कुठे उसवलेला आहे हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं, आणि ती तिकडे काणाडोळा करायची.

सात महिन्यांपूर्वी एका दुपारी दोघं बाजारातून येत असताना लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये बंद पडली. दिवा गेला. चाळीस मिनिटं दोघं त्या डब्यात अडकून होती. हा प्रसंग पुढे उंदीरवाल्यांनी इमारतीत, प्रयोगशाळेत, फोनवर जावयाला, जो भेटेल त्याला सांगितला. बायको किती घाबरली, हात कसा लटलट कापत होता, आपण तो कसा घट्ट धरून ठेवला, तिला कसा धीर दिला. आपण होतो म्हणून निभावलं, हे शेवटचं वाक्य ठरलेलं. बायको शेजारीच बसून सुईत दोरा ओवत असायची.

तेव्हापासून तिने लिफ्ट सोडली. लिफ्टचं दार उघडलं की ती एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, मला नाही बाई जमत त्या डब्यात, जिन्याने चालेल ना तुम्हाला? चालायचंच. बायको आठ मजले चढतेय आणि आपण लिफ्टने वर जाऊन बसलोय, हे कोणत्या नवऱ्याला शोभेल? एकटे असले तरी ते जिन्यानेच यायचे. एक तर आता सवयच लागली होती, आणि शिवाय व्यायाम होतो. गुडघे कुरकुरत. पण बायकोच्या भीतीपायी आपण गुडघे झिजवतोय याचं त्यांना एक वेगळंच समाधान होतं, आणि ते समाधान ते सहाव्या मजल्यावर दम खाताना पुन्हा पुन्हा काढून बघत.

एके दिवशी प्रयोगशाळेत पाण्याच्या टाक्या धुवायच्या होत्या म्हणून ते लवकर सुटले. इमारतीच्या दारातून आत पाऊल टाकतात तो समोर लिफ्टचं दार उघडलं आणि आतून बायको बाहेर आली. हातात दुरुस्त केलेल्या कोटांचं गाठोडं. मागोमाग पाचव्या मजल्यावरचे घड्याळवाले. हे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे; बायको जाऊन सहा वर्षं झालेली, बोलणं हळू, नखं स्वच्छ. दोघं हसत होती. नुसतं ओळखीचं हसू नव्हे, पोट धरून. बायकोने नवऱ्याला बघितलं, आज लवकर कसे आलात विचारलं, एवढे कोट पोचवून येते म्हणाली, आणि दोघं रस्त्याला लागली. लिफ्ट उघडी होती. उंदीरवाले तिच्याकडे बघत राहिले, मग जिन्याकडे वळले, आणि दर मजल्याला एक नवी शंका मनात घेऊन आठव्यावर पोचले.

दुसरा एखादा नवरा असता तर त्याला वाटलं असतं, बरं झालं, बायकोची भीती गेली. पण उंदीरवाल्यांना विज्ञान येत होतं.

प्रयोगशाळेतल्या मॅडम गेली सहा वर्षं नेमका हाच अभ्यास करत होत्या. उंदराला एका डब्यात ठेवायचं, एक बारीक आवाज ऐकवायचा आणि लगेच पायाखालच्या जाळीला विजेचा हलका झटका द्यायचा. दुसऱ्या दिवशी झटका नाही, नुसता आवाज. तेवढ्यानेही उंदीर आहे तिथे थिजून जातो, मिशीसुद्धा हलत नाही. किती सेकंद थिजला ते उंदीरवाल्यांनी स्टॉपवॉचवर मोजायचं. एकटा उंदीर पुष्कळ वेळ थिजतो. परका उंदीर शेजारी असला तरी तो थिजतोच. पण स्वतःचा जोडीदार शेजारी असला की थोड्याच सेकंदांत हलतो, नाक उडवतो, पुन्हा चालायला लागतो. मॅडम सांगायच्या, मेंदूत भीतीची एक जागा असते, माणसात बदामाएवढी आणि यांच्यात मोहरीहून लहान, आणि जोडी जमली की त्या जागेचं वागणंच बदलून जातं. उंदीरवाल्यांनी हे हजारदा मोजलं होतं. ज्याच्या शेजारी भीती ओसरते तो जोडीदार. बायकोची भीती घड्याळवाल्यांच्या शेजारी ओसरली होती. यापुढचं गणित पोरालाही आलं असतं.

मग त्यांनी प्रयोगशाळेतलं जुनं स्टॉपवॉच खिशात घालून घरी आणलं. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणाशी पाण्याचे मीटर आहेत, त्यांच्याआड उभं राहिलं की लिफ्टच्या जाळीतून वर जाणारा डबा दिसतो. खालपासून आठव्यापर्यंत लिफ्टला सत्तेचाळीस सेकंद लागतात, पाचव्यावर थांबली तर जास्त. एकदा ती पाचव्यावर नऊ सेकंद थांबली. दार उघडायला, घड्याळवाल्यांनी बाहेर पडायला आणि दार मिटायला पाच सेकंद पुरतात. उरलेले चार सेकंद कशात गेले, याचा उंदीरवाल्यांनी अख्खा रविवार विचार केला. चार सेकंदांत पुष्कळ बोलता येतं. त्यांनी ते पाण्याच्या मीटरपाशी उभं राहून स्वतः बोलून बघितलं होतं.

तरी घाईने निकाल काढायचा नाही, ही प्रयोगशाळेची शिस्त. म्हणून ते बायकोला म्हणाले, चल आज लिफ्टने जाऊ, मी आहे ना बरोबर. दार उघडलं. बायकोने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि जिन्याकडे वळली. चार दिवसांनी पुन्हा तेच. आणि त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा ती खाली जाऊन प्लंबरला घेऊन आली, लिफ्टने. प्लंबरच्या खांद्यावर पाइप होते आणि तो काहीतरी गुणगुणत होता.

इथे उंदीरवाल्यांच्या अंगाची लाही झाली. एका घड्याळवाल्याचं समजू शकलं असतं; मत्सराला निदान एक तोंड मिळालं होतं. पण प्लंबरही चालतो? म्हणजे साऱ्या दुनियेत एकच माणूस असा निघाला, ज्याच्या शेजारी तिची भीती ओसरत नाही, आणि तो आपण. सव्वीस वर्षं एका छपराखाली काढून तिच्या मेंदूतल्या त्या बदामाला आपण ओळखीचेच नाही. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने कपाळाला हात लावून बघितला, तर तो हातही त्यांना परका वाटला, आणि त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

त्यानंतरच्या सोमवारी एक्केचाळीस नंबरच्या मादीच्या प्रयोगाची पाळी होती. ही उंदीरवाल्यांची लाडकी. तिची जोडी त्यांनी स्वतः लावली होती. तीन खोल्यांचा एक लांबट डबा असतो. एका टोकाला मादीचा जोडीदार, गळ्यात लाल पट्टा, पट्ट्याची दोरी भिंतीला बांधलेली. दुसऱ्या टोकाला परका नर, निळा पट्टा. मादी मोकळी. तीन तासांत ती कोणाजवळ किती वेळ बसते ते मोजायचं. जोडी पक्की असेल तर ती जोडीदाराला चिकटून बसते, हे ठरलेलं.

त्या सकाळी उंदीरवाले घरून निघाले तेव्हा जिना उतरताना शेजारून लिफ्ट वर गेली होती आणि तिच्यातून, सकाळीच दूध आणायला खाली गेलेल्या बायकोचं हसणं ऐकू आलं होतं. पट्टे बांधताना ते हसणं त्यांच्या कानात होतं. मग ते काचेपलीकडे बसले. एक्केचाळीस नंबर मधल्या खोलीत आली, दोन्हीकडे नाक उडवून वास घेतला, आणि थेट निळ्या पट्ट्यापाशी जाऊन त्याच्या कुशीत शिरली. तीन तासांपैकी दोन तास दहा मिनिटं ती तिथेच होती. लाल पट्टेवाला आपल्या टोकाला एकटा बसून होता. उंदीरवाल्यांना त्याचा कळवळा आला, आणि खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला. निदान आपण एकटे नाही. त्यांनी आकडे लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या, आणि कागद मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हणाले, ही जातसुद्धा आता बिघडली.

मॅडम वयाने त्यांच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या होत्या आणि त्यांना काका म्हणायच्या. त्यांनी कागद वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि उठून डब्यापाशी गेल्या. दोन्ही नर एकेक करून हातात घेतले आणि त्यांच्या कानातल्या बारीक पत्र्यांवरचे नंबर वाचले.

"काका, पट्टे उलटे बांधलेत."

निळ्या पट्ट्यातला तिचा जोडीदार होता. एक्केचाळीस नंबरने तो वासाने ओळखला, ती पट्ट्याच्या रंगाला फसली नव्हती. फसले होते ते काचेपलीकडचे. मॅडम रागावल्या नाहीत. आपण इथे आल्यापासून काकांची ही पहिली चूक, घरी सगळं ठीक आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उंदीरवाले जोडीदाराचा पिंजरा पुसत राहिले, आणि पिंजऱ्याकडेच बघत म्हणाले,

"मॅडम, एखादी मादी परक्याजवळ निवांत असते आणि स्वतःच्या जोडीदाराजवळ घाबरते, असं होतं का?"

"होतं ना," मॅडम म्हणाल्या. "जोडीदारच घाबरलेला असला की होतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. झटका फक्त नराला द्यायचा, मादीला नाही. त्याला परत तिच्याजवळ सोडलं की ती त्याला चाटते, कुरवाळते, आणि तिचं रक्त तपासलं तर तिच्यातही तेवढीच भीती चढलेली सापडते, जणू झटका तिलाच बसला. परक्या नराला झटका द्या आणि तिच्याजवळ सोडा, तिला काही होत नाही. ती आपला दाणा खात बसते. परक्याचं काय सोयरसुतक तिला? तेव्हा काका, मॅडम म्हणाल्या, आधी बघायचं असतं, भीती मुळात कोणाची आहे.

हे उत्तर उंदीरवाल्यांना आवडलं नाही. घाबरलेला जोडीदार म्हणे. इथे कोण घाबरलंय? संध्याकाळी इमारतीत शिरले तेव्हा लिफ्ट खालीच उभी होती, उघडी, रिकामी. बायको बरोबर नव्हती. कोणासाठी जिना चढायचा नव्हता. त्यांनी एक पाऊल आत टाकलं. तेल आणि लोखंड यांचा तोच वास आला. तोंडाला कोरड पडली, शर्टाच्या आत पाठ घामाने भिजली. मागून तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या आणि येताय ना म्हणाल्या. उंदीरवाल्यांनी पाऊल बाहेर घेतलं. व्यायाम, असं काहीतरी पुटपुटले आणि जिना चढू लागले. आज त्यांनी कुठेच दम खाल्ला नाही.

बायको मशीनवर होती. त्यांनी पायमोजेही काढले नाहीत.

"घड्याळवाल्यांबरोबर लिफ्टमध्ये तुला भीती वाटत नाही?"

"नाही."

"आणि प्लंबरबरोबर?"

"नाही. एकटीलाही वाटत नाही."

"मग माझ्याबरोबरच का वाटते?"

बायकोने मशीन थांबवलं. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

"त्या दिवशी लिफ्टमध्ये कोण घाबरलं होतं?"

"तू. हात कापत होता."

"कापत होता खरा," ती म्हणाली. "पण कोणाचा?"

मग तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता, कोटाच्या बाहीवरचे धागे वेचत. दिवा गेल्यावर दोन मिनिटांत ते पिशवीवर मटकन खाली बसले होते. शर्ट ओलाचिंब. त्यांनी तिला कपाटातले कागद कुठे आहेत ते सांगितलं, आधी कोणाला कळवायचं ते सांगितलं, आणि आपल्या मागे त्या हलक्या हाताच्या दातांच्या डॉक्टरशी लग्न करायचं नाही हेही बजावलं. ती चाळीस मिनिटं सामानाच्या पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होती. बाहेर आल्यावर त्यांनी भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली की बायको फार घाबरली. तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, असू दे, ती भीती माझ्या नावावर असू दे.

"सात महिने?" उंदीरवाले म्हणाले. "आठ मजले?"

"तुम्ही बरोबर असलात की तेवढंच. दार उघडलं की तुमचं तोंड पांढरं पडतं हो. मग मी म्हणते, मला नाही जमत."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लिफ्टमध्ये चढून दाखवलं असतं."

हे खरं होतं. उंदीरवाले खुर्चीत बसले. लाज वाटत होती, आणि लाजेच्या खालून जुनी ओळखीची आग पुन्हा वर येत होती. त्यांनी विचारलं, हे घड्याळवाल्यांना माहीत आहे का. बायको म्हणाली, माहीत असणारच, त्या दिवशी बाहेरून दार उघडून तुम्हाला हाताला धरून उठवलं ते त्यांनीच. तुम्हाला आठवत नाही. मग हसत कशाला होतात, पोट धरून? तर घड्याळवाले डोळ्याचं भिंग काढायला विसरून तसेच लिफ्टमध्ये शिरले होते आणि तिला म्हणाले, आज तुम्ही फार मोठ्या दिसताय. त्यावर हसत होते. उंदीरवाल्यांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. एक परका माणूस सात महिने आपलं गुपित बाळगून होता आणि जिन्यात भेटला की अदबीने मान लववत होता, या विचाराने त्यांचा नुसता तिळपापड झाला. बायकोवर प्रेम करावं तेवढं थोडं, असंही त्याच वेळी वाटत होतं, पण ते बोलायचं कसं हे त्यांना सव्वीस वर्षांत जमलं नव्हतं.

सकाळी कामावर निघताना ते लिफ्टपाशी थांबले आणि म्हणाले, चल. बायको म्हणाली, राहू द्या, उगीच कशाला. ते आत शिरले. मग तिला शिरावंच लागलं. दार मिटलं. डबा गचका देऊन खाली निघाला. त्यांनी बायकोचा हात धरला, घट्ट, डोळे मिटून. आपला हात कापतोय हे आता त्यांना कळत होतं. मग हळूहळू दुसरंही कळलं. तिचा हात बर्फासारखा गार होता, तळवा ओला होता, आणि तो त्यांच्यापेक्षा जास्त कापत होता.

त्यांनी डोळे उघडले.

"अगं, तुला भीती वाटतेय."

"तुमच्याबरोबर वाटते," ती म्हणाली. "तुम्हाला काही झालं तर?"

"आणि त्यांच्याबरोबर?"

"त्यांच्याबरोबर कशाला वाटेल?"

उंदीरवाले तिच्याकडे बघत राहिले. घड्याळवाल्यांबरोबर नाही, प्लंबरबरोबर नाही, एकटीला नाही. साऱ्या दुनियेत एकाच माणसापायी हा हात कापतो. त्यांना आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता.

पाचव्यावर लिफ्ट थांबली. दार उघडलं. बाहेर घड्याळवाले उभे होते, हातात डबा, चेहऱ्यावर नेहमीची अदब. त्यांनी दोघांना एकत्र आत पाहिलं, क्षणभर थबकले, आणि मनापासून हसून आत यायला पाऊल उचललं. समोर मोकळा, उजेडाचा जिना दिसत होता. बाहेर पडायचं तर हीच संधी होती.

"तुम्ही पुढच्या खेपेला या," उंदीरवाले म्हणाले, आणि दार बंद करायचं बटण त्यांनी स्वतःच्या हाताने दाबलं.